काळीवर अंगण, पांढरीवर गाव

आजचा भाग आमच्या सोनारीच्या अंगणात साचलेल्या डबक्यापासून सुरू करतो आणि मग बराच मागे जातो. थोडा धीर धरा.

सोनारी म्हणजे परंडा तालुक्यातलं काळभैरवनाथाचं गाव. देवळाजवळची माकडं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळी ओळख नको. तिथं गावाबाहेर, आमच्याच शेतात, आम्ही घर बांधलं. अण्णांचा गुडघा बदललेला, पावसाळ्यात चिखलात पाय घसरतो, म्हणून मी पुढच्या अंगणात कृत्रिम हिरवळ टाकून घेतली. काम करणाऱ्यानं सहा इंच माती काढली, खडी भरली, वर कच दाबली, त्यावर हिरवळ. पहिल्या मोठ्या पावसात अंगण पायाखाली हलायला लागलं. तिसऱ्या दिवशी वास सुटला. आणि पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग. हिरवळीचे पैसे गेले ते गेले, पण ती भेग बघून मला झोप लागेना.

अण्णा एवढंच म्हणाले, "काळीत कुणी अंगण करतं का रे?"

हे वाक्य मी तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. चूक केली. कारण त्यात आपल्या गावांचा सगळा नकाशा आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मोल्सवर्थच्या कोशातही (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) पांढरीचा हा अर्थ नोंदलेला आहे. पिढ्यानपिढ्या मातीची घरं पडायची, त्याच ढिगावर नवी उठायची, त्यात राख, शेण, भुसा मिसळायचा. त्यातून उंच, फिक्या मातीचं टेकाड तयार व्हायचं. पुरातत्त्ववाले दख्खनमध्ये जुनी वस्ती शोधायला निघतात तेव्हा अशी पांढरीची टेकाडं आधी बघतात. आपल्याच जिल्ह्यातलं तेर घ्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या तगर नगरीचं नाव येतं ती हीच, आणि तिथंही जमिनीखालचं शहर सापडलं ते अशाच टेकाडांत.

धान्याची पेवंसुद्धा पांढरीतच खणायचे. जिथं ज्वारी जमिनीच्या पोटात ठेवायची, तिथं पाणी साचून कसं चालेल?

आता काळीचं बघू. ही माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात भेगांतून पाणी भसाभस आत जातं. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की खाली जायची वाट जवळजवळ बंद. म्हणजे माझ्या अंगणात काय झालं होतं? काळीत सहा इंच खणून आम्ही एक परात तयार केली होती. खडीच्या फटींत पाणी भरलं आणि परातीत बसून राहिलं. तेच पाणी पायाशी मुरलं, तिथली माती फुगली, मग उन्हाळ्यात आकसली. भिंत काय करणार?

हिरवळीचाही इतिहास गमतीचा आहे. ही वस्तू जगभर गाजली ती 1966 साली, अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम मैदानावर. त्या मैदानाला छप्पर होतं! उजेडाचा त्रास होतो म्हणून छताच्या काचा रंगवल्या, खरं गवत मेलं, म्हणून प्लास्टिकचं आणलं. पावसाशी तिची गाठ पडली नंतर. हिरवळीला खालून भोकं असतात, पाणी तेवढं खाली सोडणं हे तिचं काम. पुढची जबाबदारी जमिनीची.

ती जबाबदारी कशी पेलायची याचं उत्तर शेतीतून आलं. ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात त्या खडीच्या चराचा फ्रान्सशी काही संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन वकिलानं 1859 मध्ये शेतीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं ते नाव. (वॉशिंग्टनमधला बसलेला लिंकन घडवणारा शिल्पकार याचाच मुलगा.) आपल्याकडे नीरेच्या कालव्याखाली काळ्या जमिनी उपळायला लागल्या, मिठानं पांढऱ्या पडायला लागल्या, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. पुण्यात 1916 मध्ये सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास सरकारी विभाग निघाला, पुढे क्लॉड इंग्लिस यांनी तो वाढवला. खडकवासल्याची आजची जलसंशोधन संस्था त्यातूनच उभी राहिली.

तर आम्ही काय केलं? हिरवळ गुंडाळून ठेवली, खडी उपसली. खड्डा मुरमानं भरला आणि वर आणखी सहा इंच चढवला. थराथरानं, पाणी मारून, रोलर फिरवून. अंगण आता शेतापेक्षा उंच आहे. घरापासून बाहेरच्या बाजूला वीस फुटांत तीन इंच उतार दिला. काळी आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड, नाहीतर काळी वरचा थर हळूहळू गिळते. उताराच्या शेवटी चर खणला, त्यात चार इंची छिद्रांचा पाइप, भोवती कापड आणि खडी, आणि तोंड थेट शेताकडेच्या ओघळीत. पत्र्याचं पाणी आधी हिरवळीवरच पडायचं, त्याला वेगळी पन्हळ लावली. शोषखड्ड्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो खाली मुरमापर्यंत पोचला तरच काळीत उपयोगी, नुसत्या काळीत तो विहिरीसारखा भरून बसतो.

आमच्या गवंड्यानं लेव्हल बघायला पाण्याची नळी वापरली. अण्णांनी मात्र उतारावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं, आणि एका जागी ते थांबलं तिथं मुरूम परत चढवायला लावला.

2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पूर आला, तो तुम्ही बातम्यांत बघितलाच असेल. शेत पाण्याखाली होतं, सोयाबीन गेलं. अंगणात मात्र पाऊस थांबल्यावर तासाभरात अण्णांची बाज परत टाकता आली. पूर्वेच्या कोपऱ्यात अजून थोडं पाणी राहतं, तिथं चर आणखी चार फूट वाढवायचा आहे. भेगेवर मी पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवलीय. ती वाढली की नाही ते येत्या मे महिन्यात कळेल.