नाशिकच्या डोंगरांवरची दानाची खातेवही



चातुर्मास संपला, दिवाळी आटोपली की आपल्या महिला मंडळांत यात्रेची बोलणी सुरू होतात. नाशिक म्हटले की बहुतेकींची यादी ठरलेली असते, गजपंथा आणि मांगीतुंगी. दोन्ही सिद्धक्षेत्रे, तेव्हा ती व्हायलाच हवीत. पण याच जिल्ह्यात आणखी काही डोंगर आहेत, जिथे आपल्या आणि शेजारच्या धर्माच्या माणसांनी दान कसे दिले ते दगडावर लिहून ठेवले आहे. मी कॉमर्सची, त्यामुळे शिलालेखात राजाच्या बिरुदांपेक्षा माझी नजर आधी आकड्यांवर जाते. आज त्या आकड्यांबद्दलच सांगणार आहे.

सुरुवात पांडवलेण्यांपासून करू. मुंबई रस्त्यावर, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. लेणी चोवीस, आणि मुळात ती बौद्ध भिक्षूंची. पांडवांशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेणे कोरवून भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. ठेव कुठे? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० नाणी एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. लेख स्पष्ट सांगतो की मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे.

आता हिशेब करून पाहा. २,००० वर महिन्याला २० नाणी, वर्षाला २४०. लेखात म्हटले आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ नाणी द्यावीत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. उरलेल्या हजाराचे व्याज दुसऱ्या खर्चाला. शिवाय हे सारे नगरसभेत जाहीर करून तिथल्या दप्तरात नोंदवले, असेही लिहिले आहे. आपण ज्याला ध्रौव्यफंड म्हणतो तो हाच. वर्षावास म्हणजे त्यांचा चातुर्मास, हे तर तुम्हाला सांगायला नको.

उषवदाताची पत्नी दक्षमित्रा, नहपानाची मुलगी, हिने दिलेल्या खोलीचा लेख तिच्या स्वतःच्या नावाने त्याच लेण्यात आहे. आणि पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख मला सर्वांत जवळचा वाटतो. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने गोवर्धनच्या वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. तेल्यांची श्रेणी त्यात होती. कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून पाठ केलेली. त्यातले औषधदान एका बाईने व्याजाची सोय करून, दगडावर लिहून ठेवले.

शेजारच्या अकराव्या लेण्यात मात्र थांबा. तिथे आपले ऋषभदेव पद्मासनात बसले आहेत आणि अंबिकादेवीही आहे. बौद्ध लेण्यांच्या रांगेत शतकांनंतर जैन साधकांना जागा मिळाली. लेणी पाहून लोक पायऱ्या उतरतात, पण या मूर्तीपुढे णमोकार म्हणणारे थोडेच असतात.

दुसरी जागा अंजनेरी, त्र्यंबकेश्वर रस्त्यावर. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून सगळे गडाकडे जातात. गडाच्या पायथ्याशी गावात जुन्या हिंदू आणि जैन मंदिरांचे अवशेष आहेत, कोरीव खांब आणि चौकटींसह. तिथे शके १०६३, म्हणजे इ.स. ११४१-४२ चा संस्कृत लेख आहे, यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातला. चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिरासाठी दुकाने दान दिल्याची त्यात नोंद आहे. दुकानांचे उत्पन्न यावे आणि मंदिराचा खर्च चालावा, ही योजना. पण दुकाने गेली, बाजार गेला, त्या बाजारातले श्रावकही गेले. राहिले ते पडके मंदिर आणि हा लेख. उषवदाताच्या ठेवीचेही तेच झाले असणार, कारण विणकरांची श्रेणी आज कुठे आहे? मुद्दल कितीही पक्के बांधले तरी ते सांभाळणारा समाज जागेवर असावा लागतो, हे मला अंजनेरीला उभे राहून जितके पटले तितके कोणत्याही पुस्तकात वाचून पटले नव्हते.

त्याच अंजनेरीत नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे, १९८० साली स्थापन झालेले. वर ज्या नहपानाचे नाव आले त्याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. नातवंडांना सोबत न्या. राज्य बदलले तरी चांदी तीच राहते, हे त्यांना नाण्यांवरून लगेच कळेल.

वेळ असेल तर आणखी दोन ठिकाणे. मनमाडजवळ अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आहेत. टंकाईच्या बाजूला जैन लेण्यांची ओळ आहे, काही दुमजली, छतावर कमळे कोरलेली. आणि इगतपुरीकडे त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ऋषभदेवांचे लेणे आहे. मूर्तीचा वरचा भाग फोडलेला आहे. मांडी आणि खालचे आसन उरले आहे, आसनावर वृषभाचे लांछन. त्या लांछनावरूनच भगवंत ओळखायचे.

आता आपल्याबद्दल. मंदिरात संगमरवरी पाटी लावायला आपण मागे नसतो. पंख्याच्या पात्यावरही नाव असते. पण या पैशाचे व्याज कोणत्या कामाला, किती जणांना, किती द्यायचे हे पाटीवर कधी वाचले आहे? उषवदाताला ते लिहावेसे वाटले, विष्णुदत्तेलाही वाटले. पुढच्या वेळी मंडळात निधी जमला की रकमेच्या खाली कामही लिहू या, आणि त्याचा हिशेब वर्षाला एकदा सर्वांपुढे वाचू या.

यात्रेची आखणी अशी करा. पहिल्या दिवशी सकाळी म्हसरूळला गजपंथा, चारशेहून अधिक पायऱ्या उन्हाआधी चढून घ्या. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी इथून मोक्षाला गेले अशी आपली श्रद्धा. दुपारी पांडवलेणी, सूर्यास्तापूर्वी जेवण. दुसरा दिवस अंजनेरीला. तिसरा मांगीतुंगीला, जिथे २०१६ मध्ये प्रतिष्ठा झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी अखंड पाषाणातील मूर्ती आहे. तिच्यापुढे हात जोडताना त्रिंगलवाडीच्या त्या फुटलेल्या मूर्तीलाही नमस्कार करा. भगवंत दोन्हीकडे तेच आहेत.

पाणी गाळून, उकळून सोबत ठेवा. एक छोटी वही आणि पेनही ठेवा.