आरडीच्या स्क्रूंमागची माणसं

गिअरच्या सायकलीत सगळ्यात जास्त शिव्या खाणारा भाग म्हणजे मागचा डिरेल्युअर. आम्ही त्याला आरडी म्हणतो. गिअर चढेना, चेन कटकट करतेय, चेन आऱ्यांत जाऊन अडकली, काहीही झालं की दोष त्याचाच. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सायकली दुरुस्त करायला लागलो, तेव्हा आरडी पहिल्यांदा सुटा करून पाहिला. फिटरच्या नजरेला लगेच कळतं की हे एका माणसानं एका बैठकीत काढलेलं ड्रॉइंग नाही. त्यातलं तिरकं अंग एका देशातलं, स्क्रू दुसऱ्या देशातले, आणि केबल शिरते तिथला बोटानं फिरवायचा बॅरल ॲडजस्टर महत्त्वाला चढला तो आणखी वेगळ्याच काळात.

मुळात गिअर असावेत की नसावेत यावरूनच भांडण होतं. त्याचं मूळ फ्रान्समधल्या सँत-एतिएन या गावात. बंदुका आणि रेशमी फिती बनवणारं हे गाव पुढे सायकलींचं झालं. फितींच्याच धंद्यातला पॉल द व्हिव्ही हा गृहस्थ सायकलीच्या नादी लागला, 1887 साली त्यानं सायकलवर मासिक सुरू केलं आणि ‘वेलोसियो’ या नावानं तो लिहू लागला. गावाबाहेर पडलं की चढ लागतो, आणि 1161 मीटरवरच्या रेपुब्लिक खिंडीपर्यंत तो सुटत नाही. तिथं एकाच गिअरवर रोज पाय मारणाऱ्याला गिअर का हवेत ते पटवून द्यावं लागत नाही. वेलोसियोनं तऱ्हेतऱ्हेची गिअरयंत्रणा स्वतःच्या सायकलीवर वापरून पाहिली आणि चांगलं-वाईट जे दिसलं ते छापलं. आज पुण्यातून दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या बीआरएम राइडला जाणारी मुलं ज्या फ्रेंच परंपरेत सायकल चालवतात, तिचा हा मूळपुरुष.

विरुद्ध बाजूला होते आंरी देग्रांज. 1903 साली ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे संपादक. त्यांचं मत असं की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत, तरण्यांनी पायांच्या जोरावर जिंकावं. शर्यत त्यांची, नियमही त्यांचे. त्यामुळे टूरमधल्या व्यावसायिक खेळाडूंना डिरेल्युअरसाठी 1937 पर्यंत थांबावं लागलं, आणि त्याच वर्षी रोजे लापेबी डिरेल्युअर लावून जिंकला. एरवी देग्रांजांच्या शिस्तीचं मला कौतुक आहे, पण या बाबतीत त्यांनी निव्वळ हट्ट केला असंच मला वाटतं.

तोवर हे खेळाडू काय करत? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातेचक्र असायचं, एक सपाटीचं आणि एक चढाचं. डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, विंग नट सोडायचे, चाक काढून उलटं करून बसवायचं, चेन ताणायची, नट आवळायचे आणि पुन्हा स्वार व्हायचं. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ व्हायला निघालेल्या पोरानं खोपोलीला उतरून असं चाक फिरवत बसावं, तसा हा प्रकार. इटलीतल्या विचेन्झाचा तुल्लिओ काम्पान्योलो हाही असाच शर्यतीत उतरणारा. 1920 च्या दशकात क्रोचे दाउने खिंडीत थंडीनं बोटं गारठली, नट सुटेना आणि शर्यत हातची गेली, असं सांगतात. गोष्टीत मीठमसाला किती कोण जाणे. पण त्याची कंपनी 1933 मध्ये उभी राहिली आणि एका दांडीनं चाक सोडवायची क्विक रिलीज त्याच नावानं जगभर गेली हे खरं.

या माणसाचं ‘काम्बियो कोर्सा’ हे यंत्र पाहिलं की फिटर म्हणून मी थक्क होतो. त्यात चेन ताणायला ना स्प्रिंग, ना पुली. सीटखालच्या उजव्या नळीवर दोन दांड्या. चालत्या सायकलीवर खेळाडूनं हात मागे न्यायचा आणि पहिली दांडी फिरवून मागचं चाक चक्क ढिलं करायचं. मग पेडल उलटं मारत दुसऱ्या दांडीच्या टोकाच्या चिमट्यानं चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायची. चेन सैल झाली की चाक आपोआप मागे सरकायचं, ताणली की पुढे, आणि ते वाकडं सरकू नये म्हणून ॲक्सल फ्रेमच्या खाचेतल्या दात्यांवरून घरंगळायचा. शेवटी पहिली दांडी पुन्हा आवळायची. आवळायची राहिली तर काय, याचं उत्तर घाटातल्या उतारावर मिळायचं. जीनो बार्ताली 1948 ची टूर जिंकला तो हेच यंत्र वापरून. यात ॲडजस्ट करायला स्क्रू नव्हताच. ॲडजस्टर तो खेळाडू स्वतः.

स्प्रिंगनं चेन ताणून धरणारे डिरेल्युअर फ्रेंचांकडे आधीच होते. दिजाँच्या ल्युसियाँ ज्युईची ‘सिंप्लेक्स’ 1928 पासून ते बनवत होती. पण आज आपण ज्याला आरडी म्हणतो त्याचा आकार ठरला तो काम्पान्योलोच्या ‘ग्रान स्पोर्त’नं, 1950 च्या आसपास. दोन पट्ट्या, चार पिना, मधे स्प्रिंग. केबल ओढली की हा समांतरभुज चौकोन कलतो आणि खालचा दोन पुल्यांचा पिंजरा चेनसकट आत जातो. सोडली की स्प्रिंग त्याला बाहेर आणते. दोन्ही टोकांना त्याला अडवणारे दोन स्क्रू, तेच आपले एच आणि एल. एच बाहेरच्या, सगळ्यात लहान चक्राचा पहारेकरी, एल आतल्या मोठ्या चक्राचा. एल ढिला राहिला तर चेन आऱ्यांत शिरते, मागोमाग पिंजरा, आणि मग दुरुस्तीचं बिल नव्या सुट्या भागांचं होतं.

आपल्याकडे हे काहीच पोचलं नाही, कारण आपली सायकल आली इंग्लंडातून. इंग्रजांनी गिअर घातले ते चाकाच्या हबच्या पोटात, नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचे. बाकी जनतेला एक गिअर, चेनकव्हर आणि मागे कॅरियर. पुण्याच्या रस्त्यांवरून हजारोंनी धावलेल्या बीएसएच्या बोधचिन्हात तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या होत्या, तीही मूळ बर्मिंगहॅमची बंदुकांचीच कंपनी. सँत-एतिएन बंदुकांचं, बर्मिंगहॅम बंदुकांचं, आणि पुढच्या दोन्ही मोठ्या सुधारणा जिथून आल्या ते जपानातलं साकाई हे गावही सोळाव्या शतकात तोड्याच्या बंदुका आणि पुढे सुऱ्या बनवणारं. यात मला नवल वाटत नाही. ज्याला बारीक स्प्रिंग, पिना आणि खटका जमतो त्याला आरडी जमतो.

साकाईतल्या माएदा कंपनीनं, म्हणजे सनटूरनं, 1964 साली तो समांतरभुज चौकोन तिरका केला. बस, एवढंच. पण त्यामुळे वरची पुली आत जाताना खालीही सरकते आणि लहान-मोठ्या चक्रांपासूनचं तिचं अंतर साधारण सारखं राहतं. चेन लवकर वळते. स्वस्तातला सनटूर युरोपच्या महागड्या आरडीपेक्षा चांगला चालायचा. पेटंट असल्यामुळे इतरांना वीसेक वर्षं हात चोळत बसावं लागलं.

पेटंट संपत आलं त्याच सुमाराला, 1984 मध्ये, त्याच गावच्या शिमानोनं ड्युरा-एस 7400 मध्ये एसआयएस आणलं. दांडी टकटक करत एकेका खाचेत बसते, एक टक म्हणजे एक गिअर. तोवर दांडी नुसत्या घर्षणावर थांबायची आणि चेन नीट बसली की नाही हे स्वार कानानं ओळखायचा. आता कानाचं काम खाचांकडे गेलं, आणि खाचा काही ऐकून घेत नाहीत. शिमानोच्या आठ गिअरच्या रोड सायकलीत दर टकीला केबल 2.8 मिलिमीटर ओढली जाते आणि आरडी सुमारे 4.8 मिलिमीटर सरकतो, म्हणजे दोन चक्रांमधलं बरोबर अंतर. केबलमधली अर्ध्या मिलिमीटरची ढिलाईसुद्धा लगेच ऐकू येते. म्हणूनच गिअरच्या केबलचं आउटर, म्हणजे बाहेरचं आवरण, ब्रेकच्या आउटरपेक्षा वेगळं असतं. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गोल गुंडाळलेली असते, ती दाबाखाली आखडते. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेनं उभ्या असतात. आमच्याकडे अजूनही ब्रेकचं आउटर गिअरला लावलेल्या सायकली येतात, आणि मालक सांगतो, तीनदा ट्युनिंग केलं पण टिकत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला. आधी स्क्रूला हात नाही. सायकलीच्या मागे बसून दोन्ही पुल्या चक्राच्या सरळ रेषेत आहेत का ते बघायचं. सायकल उजव्या अंगावर पडली की आरडी फ्रेमला जोडणारा हँगर आत वाकतो, आणि वाकलेल्या हँगरवर जगातला कुठलाही स्क्रू उपयोगाचा नाही. मग केबल सोडून एच, त्यानंतर हातानं आरडी आत ढकलून एल. केबल ताणून बांधायची आणि मग बॅरल. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा, पेडल फिरवून ऐकायचं, पुन्हा पाव फेरा. उलट खाली उतरायलाच आळस करत असेल तर बहुतेक वेळा दोष ताणाचा नसतो. सिंहगड रस्त्याचा पावसाळी चिखल आउटरमध्ये जाऊन बसलेला असतो. केबल बदलायची, तेल ओतत बसायचं नाही. शेवटी बी स्क्रू. तो वरची पुली आणि सगळ्यात मोठं चक्र यांच्यातली फट ठरवतो. माझ्याकडे येणाऱ्या सायकलींना पाच-सहा मिलिमीटर पुरते, पुली चक्राला घासू नये इतकं बघायचं.

हल्ली पोरं विचारतात, काका, इलेक्ट्रॉनिक गिअर घेतला तर ही कटकट संपेल ना? 2009 मध्ये शिमानोनं डीआय-टू आणलं तेव्हा केबल गेली, पण हँगर राहिला आणि तो वाकायचा राहिला नाही. 2023 मध्ये स्रॅम या कंपनीनं हँगरही काढून टाकला. आरडी थेट ॲक्सलवर बसतो, त्याला एच, एल, बी यांपैकी एकही स्क्रू नाही. काम सुरेख आहे, किंमत विचारू नये अशी. मी विचारणाऱ्याला म्हणतो, तेवढे पैसे असतील तर जरूर घ्या, नसतील तर आधी ते आउटर बदलून घ्या, दीडशे रुपयांत होतंय.