जंगलातली हंगामी इंटर्नशिप: काम काय, पैसे किती आणि परवानगी कोणाची?

मे महिन्याची सुट्टी लागली की इन्स्टाग्रामवर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास दिसतात. एक, काजव्यांनी लखलखलेलं झाड. दुसरी, ‘जंगलात राहा, इंटर्नशिप करा, सर्टिफिकेट मिळवा’. गिरगावात, खोताच्या वाडीसारख्या चिंचोळ्या गल्लीत राहणाऱ्या एखाद्या मुलामुलीला दुसरी पोस्ट खुणावते. पण जंगल सरकारी, जाहिरात खासगी आणि फी आपली. मग यातलं खरं काय?

हंगामी इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय?

सरकारी वनजमिनीवर लोक फिरायला येतात. फुलं, पक्षी, धबधबे, काजवे पाहायला येतात. ही गर्दी वर्षभर नसते. ठरावीक आठवड्यांत ती एकदम उसळते आणि वन विभागाचे कायमचे कर्मचारी कमी पडतात. अशा वेळी पायवाटा सांभाळणं, माहिती देणं, वाहनं लावून घेणं, कचरा आवरणं आणि नोंदी ठेवणं यासाठी काही काळापुरती माणसं लागतात. विद्यार्थ्याने शिकण्यासाठी हे काम केलं तर ती इंटर्नशिप. स्थानिकाने मोबदल्यावर केलं तर तो हंगामी रोजगार. पुढचे बरेच प्रश्न या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे निर्माण होतात.

ही कल्पना आली कुठून?

मोठं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथली वनसेवा १९०५ साली सुरू झाली. महामंदीत, १९३३ ते १९४२ या काळात, सरकारने सुमारे ३० लाख बेरोजगार तरुणांना जंगलं आणि उद्यानांच्या कामाला लावलं. त्यांनी झाडं लावली, वाटा बांधल्या, वणवे विझवले. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवले जात. पुढे १९५७ पासून विद्यार्थी स्वयंसेवक सुट्टीत राष्ट्रीय उद्यानांत काम करू लागले. आज तिथे उन्हाळ्यातल्या अशा जागांची रीतसर जाहिरात निघते.

आपल्याकडे राज्यभरासाठी अशी एकच खिडकी नाही. इथे हंगामी काम मुख्यतः गावाच्या समितीकडे असतं आणि शिकाऊ काम संस्था किंवा उद्यानांमार्फत मिळतं.

महाराष्ट्रात हंगाम कधी, कुठे?

• मेअखेर ते जून, काजवे: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या आसपास. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पाहायला येणाऱ्यांच्या टॉर्च, हेडलाइट आणि फ्लॅशमुळे काजव्यांचं मीलन बिघडतं. म्हणून इथलं महत्त्वाचं काम म्हणजे अंधार राखणं.

• ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, फुलं: साताऱ्याजवळचं कास पठार. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हंगामात वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या मिळून प्रवेश, शुल्क, पार्किंग आणि वाटाड्यांची व्यवस्था पाहतात. वर्दी घालून शिट्टी मारणारा, ‘फुलांत बसू नका’ असं सांगणारा तरुण बहुधा तिथल्याच गावचा असतो.

• नोव्हेंबर ते मे, रोहित पक्षी: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५). ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने फेरी असते. २०२२ मध्ये या खाडीला रामसर दर्जाही मिळाला.

• बुद्धपौर्णिमा, मचाण: वैशाखातल्या या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद होते. हा अनुभव म्हणून उत्तम. मात्र वाघांचा अंदाज यावरून काढत नाहीत. तो दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी पाहणीत कॅमेरा ट्रॅप आणि खुणांच्या नोंदींवरून काढतात.

• पावसाळा, बोरिवली: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे १०३ चौ. किमी, आत तुळशी आणि विहार तलाव, कान्हेरीची लेणी. इथली कारवी आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते: २००८, २०१६, २०२४. पुढचा बहर २०३२ च्या सुमारास.

एक लक्षात ठेवा: व्याघ्र प्रकल्पांचं गाभा क्षेत्र साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतं. या काळात ‘कोअरमध्ये इंटर्नशिप आणि सफारी’ असं कोणी विकत असेल तर सावध व्हा.

दिवसभर काम काय असतं?

रीलमध्ये दिसतं त्याहून बरंच साधं. सकाळी लवकर प्रवेशद्वारावर उभं राहून पिशव्या तपासायच्या, प्लास्टिक बाजूला काढायचं. शाळेची सहल आली तर मुलांना दोन रांगांत चालवायचं. पायवाटेवर किती माणसं गेली आणि किती परत आली, हे वहीत लिहायचं. फलक पुसायचे, पक्ष्यांची यादी करायची, संध्याकाळी आकडे संगणकावर भरायचे. वाघ दिसेलच असं नाही, गोचीड मात्र चिकटते. पूर्ण बाह्या, बूट आणि एकट्याने वाट न सोडणं हे तीन नियम पहिल्या दिवसापासून पाळायचे.

शिकायला मिळतं ते वेगळंच: अनोळखी माणसाला न दुखावता ‘नाही’ कसं म्हणायचं, झाड पानांवरून कसं ओळखायचं आणि नोंद अशी कशी ठेवायची की दुसऱ्याला वाचता यावी.

पैसे मिळतात का?

शिकाऊ काम बहुतेकदा विनामोबदला असतं. कुठे जेवण-निवास मिळतो, कुठे प्रवासखर्च. कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. एका श्रेयांकासाठी साधारण ३० तास धरतात. म्हणून जाण्यापूर्वीच कॉलेजला विचारा: हे तास धरणार का? प्रमाणपत्रावर कोणाची सही हवी?

मोबदला हवा असेल तर राज्य सरकारची २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तपासा. ती १८ ते ३५ वयोगटासाठी आहे आणि सरकारी कार्यालयांतही लागू आहे. सुरू झाली तेव्हा दरमहा विद्यावेतन बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये असं ठरलं होतं. ती खास जंगलासाठी नाही. सध्याचे नियम आणि जागा सरकारी संकेतस्थळावर पाहूनच अर्ज करा.

विनामोबदला कामाची दुसरी बाजूही बोलायला हवी. ज्याच्या घरी सुट्टीतल्या कमाईवर पुढच्या वर्षाची फी भरली जाते, त्याला महिनाभर फुकट राबणं परवडत नाही. मग जंगलाची ओळख ठरावीक घरांतल्या मुलांपुरतीच राहते. अशांसाठी शनिवार-रविवारचं स्वयंसेवी काम हा व्यवहार्य मार्ग आहे. चर्नी रोडहून लोकलने बोरिवली साधारण तासाभराचं अंतर आहे, मुक्कामाचा खर्च नाही. फक्त उद्यान सोमवारी बंद असतं.

परवानगी कोणाची लागते?

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यास, संशोधन, छायाचित्रण वा पर्यटनासाठी जायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार परवानगी लागते. ती मुख्य वन्यजीव रक्षक देतात. आपण काढतो ते प्रवेशाचं तिकीट फक्त फिरण्यापुरतं. त्यावर नमुने गोळा करता येत नाहीत, रात्री थांबता येत नाही. म्हणून खासगी संस्थेमार्फत जात असाल तर तिच्याकडे वन विभागाचं लेखी पत्र आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

स्थानिकांच्या पोटावर पाय येतो का?

येऊ शकतो. कासच्या गावकऱ्याला किंवा बोरिवलीच्या उद्यानातल्या पाड्यावर राहणाऱ्या आदिवासी तरुणाला वाटाड्याचं काम म्हणजे घरखर्च. तेच काम शहरातला विद्यार्थी फुकट करू लागला तर आधी जातो तो त्याचा रोज. म्हणून साधी विभागणी बरी: वाट दाखवणं आणि गर्दी सांभाळणं स्थानिकांनी, मोबदल्यासह. नोंदी, माहितीफलक, भाषांतर आणि शाळांसाठीचे कार्यक्रम यांत विद्यार्थ्यांनी हातभार लावायचा. झाडाचं स्थानिक नाव आणि उपयोग पाड्यावरच्या माणसालाच जास्त ठाऊक असतात. तेव्हा शिकणारा कोण, हे विसरू नये.

अर्ज करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा

१. वन विभागाचं लेखी पत्र आहे का?
२. पैसे मी देणार की मला मिळणार? मी देणार असेन तर ती इंटर्नशिप नाही, सहल किंवा शिबिर आहे. शिबिर वाईट नसतं, पण त्याला त्याच नावाने ओळखा.
३. रोजचं काम आणि तास लिहून दिले आहेत का?
४. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, विमा आहे का?
५. मुलींसाठी निवासाची वेगळी सोय आणि संपर्कासाठी जबाबदार व्यक्ती आहे का?

सुरुवात घराजवळूनही होते

खोताच्या वाडीपासून खेतवाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे मामांच्या घरी वाढलेल्या एका मुलाने एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, संग्रह उघडून दाखवला, पुस्तकं दिली. पुढे पक्ष्यांची कातडी जतन करणं आणि नोंद ठेवणं तो तिथेच शिकला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्याला ना प्रमाणपत्र मिळालं, ना विद्यावेतन. प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला वेळ देणारं माणूस मात्र मिळालं.

ही संस्था आजही फोर्टात, हॉर्नबिल हाउसमध्ये आहे. गोरेगावच्या फिल्मसिटीत, राष्ट्रीय उद्यानाला लागून, तिचं संवर्धन शिक्षण केंद्रही आहे. सुट्टीत कुठे जावं हे ठरत नसेल तर आधी एका रविवारी अशा ठिकाणची निसर्गफेरी करा. तीन तास उन्हात चालून, वहीत नोंदी करूनही पुढच्या रविवारी पुन्हा जावंसं वाटलं, तर महिनाभराचा अर्ज जरूर भरा.