दुबईची लॅम्बोर्गिनी लंडनच्या रस्त्यावर कशी पोचते? स्वतःची गाडी परदेशात नेऊन फिरवायचा सगळा हिशोब

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की इन्स्टावर एका ठरावीक प्रकारच्या रील्सचा पूर येतो. लंडनचा नाइट्सब्रिज भाग, मागे हॅरॉड्सची इमारत आणि समोरून गुरगुरत येणारी सोनेरी नाहीतर पोपटी लॅम्बोर्गिनी. नंबरप्लेट बघावी तर अरबीत. कतार, कुवेत, सौदी, दुबई. आखातात पारा ४५ च्या वर चढला की तिथली श्रीमंत मंडळी लंडन गाठतात आणि येताना बॅगांबरोबर गाड्याही घेऊन येतात.

अशा रीलखाली आपल्याकडच्या पोरांची कमेंट ठरलेली असते. हे लोक गाडी आणतात कशी? आणि एमएच १२ ची गाडी अशी नेता येईल का?

येते, आणि अगदी कायदेशीरपणे येते. फक्त गाडी जहाजात चढवणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो कागदांचा.

आधी लंडनचंच बघू. ब्रिटनच्या नियमानुसार बाहेरून आलेला पाहुणा आपल्या देशात रजिस्टर असलेली गाडी १२ महिन्यांतले ६ महिने तिथे चालवू शकतो. तिथलं रजिस्ट्रेशन नको, तिथला रोड टॅक्स नको. अट एवढीच की गाडीवर मूळ देशातलं रजिस्ट्रेशन आणि कर चालू असला पाहिजे, ब्रिटनमध्ये चालेल असा विमा पाहिजे आणि मुदत संपायच्या आत गाडी देशाबाहेर गेली पाहिजे.

आखाती मालक बहुतेकदा गाडी विमानाने पाठवतात. एमिरेट्सच्या मालवाहतूक कंपनीने तर गाड्यांसाठी 'स्कायव्हील्स' नावाची वेगळी सेवाच काढली आहे. एका गाडीच्या जाण्यायेण्याचा खर्च २० हजार पौंडांच्या घरात जातो असं ब्रिटिश वर्तमानपत्रं छापत असतात. म्हणजे नुसत्या भाड्यात आपल्याकडे एक चांगली एसयूव्ही येईल.

नाइट्सब्रिजच्या रहिवाशांना या पाहुण्यांचं कौतुक अर्थातच नाही. रात्री दोन वाजता कोणी खिडकीखाली इंजिन रेस करायला लागला तर कोणाला आवडेल? तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ मध्ये केन्सिंग्टन अँड चेल्सीच्या कौन्सिलने उगाच इंजिन रेस करणं, एकदम वेग घेणं, मोठ्याने गाणी लावणं यावर दंड बसवणारा आदेश काढला. पुढे आवाज मोजणारे कॅमेरेही आले. मार्च २०१६ मध्ये सौदीहून आलेल्या सोनेरी गाड्यांच्या एका ताफ्यावर पार्किंगच्या पावत्या चिकटवल्याचे फोटो जगभर फिरले होते. मात्र मालकाचा पत्ता परदेशात असल्यामुळे अशा पावत्या वसूल करणं कौन्सिलना फार जड जातं.

आता मुख्य प्रश्न. कुठलाही देश आपल्या हद्दीत येणाऱ्या गाडीवर आयात शुल्क लावतो. मग या गाड्या फुकट आत कशा जातात? तर 'तात्पुरती आयात' म्हणून. गाडी इथे विकली जाणार नाही आणि परत जाणार आहे, एवढ्या विश्वासावर शुल्क माफ होतं. ब्रिटन आणि युरोपियन युनियन पाहुण्याच्या गाडीला साधारण सहा महिने देतात, अमेरिका एक वर्ष देते. पण सगळेच देश तोंडी विश्वासावर चालत नाहीत. तिथे लागतं ते कार्ने.

## कार्ने म्हणजे काय?

पूर्ण नाव फ्रेंच आहे, 'कार्ने द पासाज आँ दुआन'. गाडीचा पासपोर्ट म्हटलं तरी चालेल, फक्त या पासपोर्टच्या मागे पैशांची हमी उभी असते. हे ५, १० किंवा २५ पानांचं पुस्तक असतं आणि ते एक वर्ष चालतं. प्रत्येक पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना कस्टम्सवाला शिक्का मारून एक तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा. तिसरा तुकडा पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के असतात. हे दोन शिक्के म्हणजे गाडी आली आणि गेली याचा पुरावा.

बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर? त्या देशाच्या लेखी गाडी अजून तिथेच आहे. मग तो देश पूर्ण आयात शुल्क मागतो, आणि मागतो ते कार्ने देणाऱ्या संस्थेकडे. संस्था काही ते खिशातून भरत नाही. कार्ने देतानाच तिने मालकाकडून बँक गॅरंटी किंवा तशीच काही ठेव घेतलेली असते. हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि वाटेत कोणते देश आहेत यावर ठरते. ज्या देशाचं शुल्क सगळ्यात जास्त, त्याच्या हिशोबाने आकडा लागतो. म्हणून साध्या हॅचबॅकवाल्याला झेपणारी रक्कम पोर्शवाल्याचे डोळे पांढरे करू शकते. रात्री घाईत सीमा ओलांडताना एक शिक्का राहिला, एवढ्यावरून लोकांचे लाखो रुपये महिनोन्महिने अडकतात.

भारतात हे काम वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन बघते. १९१९ मध्ये सुरू झालेली ही संस्था मुंबईत चर्चगेटला आहे. मुंबईची ही ओळख तशी जुनीच. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉन रॅलीत लंडनहून निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ७२ मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. इथून त्या 'चुसान' नावाच्या प्रवासी जहाजात चढवून ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला नेण्यात आल्या.

युरोप, ब्रिटन किंवा अमेरिकेत शिरायला कार्ने लागत नाही. इराण, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया असे देश ते मागतात. आणि हो, परदेशी पर्यटकाला आपली गाडी भारतात आणायची असेल तर आपलं सरकारही मागतं. खासगी गाड्यांच्या तात्पुरत्या आयातीचा १९५४ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केलेला आहे.

भारतीय मालकाला खरी धास्ती असते परतीची. कस्टम्स कायदा १९६२ चं कलम २० सांगतं की एकदा देशाबाहेर गेलेला माल परत आला तर तो आयात मालच धरला जाईल. सूट मिळते, पण गाडी तीच आहे हे मालकाने सिद्ध करायचं असतं. चासी नंबर, इंजिन नंबर, निघतानाची निर्यातीची कागदपत्रं, सगळं जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर स्वतःच्याच गाडीवर आयात शुल्क. आपल्याकडे महागड्या आयात गाड्यांवरचं शुल्क अनेक वर्षं किमतीच्या १०० टक्क्यांच्या वर राहिलेलं आहे, म्हणजे तीच गाडी दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखं. म्हणून इथे ओळखीतल्या कोणाला सांगून काम उरकण्यापेक्षा गाड्यांची तात्पुरती निर्यात आधी केलेला क्लिअरिंग एजंट गाठावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्रही लागेल.

## कंटेनर, रो-रो की विमान?

जहाजाने न्यायचे दोन मार्ग. पहिला रो-रो, म्हणजे रॅम्पवरून गाडी चालवत जहाजाच्या पोटात न्यायची आणि पलीकडे चालवत उतरवायची. चाकणला बनलेल्या गाड्या मुंबई बंदरातून अशाच निर्यात होतात. हे स्वस्त पडतं, पण गाडीची चावी परक्या हातात जाते, आत सामान ठेवता येत नाही आणि स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीला इतकं जवळ असतं की रॅम्पवर पुढचा बंपर घासायची भीती कायम. दुसरा मार्ग कंटेनर. २० फुटी कंटेनरमध्ये एक गाडी आरामात मावते. न्हावा शेवाला गाडी आत चढवून, चाकांना पट्टे आवळून कंटेनर सील होतो. पट्टे सस्पेन्शनला न बांधता चाकांनाच बांधलेत का, हे मालकाने समोर उभं राहून बघावं. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवायचं असतं. चढवण्याआधी सगळ्या बाजूंनी तारखेसकट फोटो काढून ठेवले तर नंतर ओरखड्यावरून होणारं भांडण निम्मं होतं.

वेळेचा भरवसा मात्र धरू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवलं, आणि ते गाड्या वाहणारंच जहाज होतं. त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्यात दहा-बारा दिवस सहज वाढतात. सुट्टी तीन आठवड्यांची आणि गाडी अजून केप ऑफ गुड होपजवळ, असं व्हायला नको.

समुद्रात आणखी मोठा धोका आहे आगीचा. मार्च २०१९ मध्ये 'ग्रांदे अमेरिका' फ्रान्सजवळ पेटून बुडालं. त्यात ब्राझीलच्या ग्राहकांच्या चार पोर्श ९११ जीटी२ आरएस होत्या, त्यासाठी पोर्शने बंद केलेलं उत्पादन पुन्हा सुरू केलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' अझोर्स बेटांजवळ पेटलं आणि सुमारे ४,००० गाड्या घेऊन तळाशी गेलं. त्यात लॅम्बोर्गिनीच्या १५ अ‍ॅव्हेंटाडोर अल्टिमे होत्या. कंपनीने त्याही पुन्हा बनवल्या. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सजवळ 'फ्रीमँटल हायवे' पेटलं तेव्हा ३,७०० हून अधिक गाड्यांची चर्चा जगभर झाली. त्या आगीत एक भारतीय खलाशी मेला, ही बातमी मात्र आपल्याकडेही आतल्या पानावर गेली.

नव्या गाड्या कंपनी पुन्हा बनवून देते. तुमची वापरलेली गाडी कोणी पुन्हा बनवून देणार नाही. त्यामुळे सागरी विमा हवाच, आणि त्याला आणखी एक कारण आहे. समुद्री व्यापारात 'जनरल अ‍ॅव्हरेज' नावाचा फार जुना नियम चालतो. जहाज वाचवण्यासाठी जो खर्च झाला किंवा जो माल गमवावा लागला, त्यात जहाजावरच्या प्रत्येक मालमालकाने आपला वाटा द्यायचा. मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये 'एव्हर गिव्हन' अडकलं तेव्हा त्याच्या मालकांनी हेच जाहीर केलं होतं. जहाज सहा दिवसांत निघालं, पण इजिप्तने ते जुलैपर्यंत धरून ठेवलं. अशा वेळी तुमच्या गाडीला ओरखडाही आलेला नसतो, तरी पैसे भरल्याशिवाय ती हातात पडत नाही. विमा असेल तर ती डोकेदुखी विमा कंपनीची.

## पोचल्यावरची गंमत

भारतातला गाडीचा विमा युरोपात चालत नाही. जास्तीचा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव इथवर वाढवता येतो, त्यापुढे नाही. युरोपात शिरताना सीमेवरचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो बहुतेकदा फक्त थर्ड पार्टी असतो. म्हणजे तुम्ही दुसऱ्याला ठोकलंत तर त्याची भरपाई होईल, तुमच्या दोन-चार कोटींच्या गाडीची नाही. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायचं, ते एक वर्ष चालतं. गाडीच्या मागे 'आयएनडी' अशी तीन रोमन अक्षरं असलेला लंबगोल स्टिकर लावायचा.

लंडनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे तिथे फार त्रास नाही. फक्त यूलेझसाठी गाडी आधी नोंदवून ठेवायची. प्रदूषणाच्या नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात, आणि परदेशी गाडी नियमात बसत असली तरी नोंदणी नसेल तर दंड येऊ शकतो. खाडी ओलांडून फ्रान्सला गेलं की स्टीअरिंग चुकीच्या बाजूला येतं. ट्रकच्या मागून ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसत नाही, शेजारी बसलेल्याला 'ये, ये, थांब' करत राहावं लागतं. आपले हेडलाइट डावीकडे झुकलेले असतात, तिथे ते थेट समोरच्याच्या डोळ्यात जातात, म्हणून काचेवर खास पट्ट्या चिकटवाव्या लागतात.

आणि वेग. जर्मनीच्या ऑटोबानवर बऱ्याच पट्ट्यांत वेगमर्यादा नाही हे सगळ्यांना पाठ असतं. शेजारच्या डेन्मार्कमध्ये काय होतं ते फारसं कोणाला माहीत नसतं. तिथे २०२१ पासून बेदरकार गाडी चालवणाऱ्याची गाडी सरळ जप्त होऊन लिलावात जाते. त्याच वर्षी एक जण जर्मनीत लॅम्बोर्गिनी हुराकान विकत घेऊन डेन्मार्कमार्गे नॉर्वेला निघाला होता. १३० च्या मर्यादेत पोलिसांनी त्याला २३६ च्या वेगात पकडलं. घेतली त्याच दिवशी गाडी गेली.

एवढं सगळं करण्यापेक्षा तिथेच भाड्याने घेतली तर? दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी खरं तर तेच शहाणपणाचं आहे. स्पोर्ट्स कार भाड्याने देणारे वयाची अट घालतात, मोठं डिपॉझिट अडकवतात, रोजचे किलोमीटर मोजतात आणि काही देशांत न्यायला बंदी करतात. तरी हा खर्च कंटेनर, विमा आणि हमी यांच्या बेरजेपुढे बहुतेक वेळा कमीच भरतो. स्वतःची गाडी न्यायचा हिशोब जुळायला लागतो तो दोन-अडीच महिने हाताशी असतील आणि आल्प्सचे घाट याच गाडीतून चढायचा हट्ट असेल तेव्हा. इटलीच्या स्टेल्व्हिओ घाटात एका बाजूलाच ४८ हेअरपिन वळणं आहेत, आणि २,७५७ मीटर उंचीवरच्या माथ्यावर आपल्या नंबरप्लेटचा फोटो काढण्यात जी मजा आहे ती भाड्याच्या गाडीत नाही, हेही मान्य करायला हवं.

एक मोह मात्र टाळावा. युरोप फिरून झालं, परतीचा कंटेनर महाग वाटतोय, तर गाडी म्युनिकच्या मावसभावाकडे ठेवून निघून यावं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. तात्पुरत्या आयातीतली गाडी मालक युरोपात हजर असताना, त्याच्या सांगण्यावरून तिथल्या रहिवाशाने अधूनमधून चालवली तर चालतं. मालक विमानात बसला आणि भाऊ तीच गाडी घेऊन ऑफिसला जाऊ लागला तर सूट संपते. मग १० टक्के आयात शुल्क आणि त्यावर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट, आणि चौकशीला बोलावणं जातं ते मावसभावाला.