सोंडे किडा

साठविलेल्या धान्याचा नाश करणारा, ढालपंखी (कोलिऑप्टेरा) गणाच्या कुर्कुलिऑनिडी कुलातील कीटक. सायटोफायलस वंशातील ओरायझी, झीमेज व ग्रॅनॅरियस या तीन जाती विशेष उपद्रवी आहेत. भारतात ज्वारी, तांदूळ, गहू व मका यांत ओरायझी सर्वत्र आढळते.

ओरायझी जातीचा प्रौढ किडा ३ ते ४ मिमी. लांब, तांबूस तपकिरी असून त्याचे तोंड सोंडेसारखे पुढे आलेले असते. मादी दाण्यास भोक पाडून त्यात एक अंडे घालते व चिकट स्रावाने भोक बुजविते. एक मादी सु. ३०० अंडी घालते. पायरहित, पांढरी अळी दाण्यातच वाढते व तेथेच कोषावस्थेत जाते. त्यामुळे कीड लागल्याचे बाहेरून कळत नाही. उष्ण, दमट हवेत हे जीवनचक्र सु. एका महिन्यात पुरे होते. किड्याच्या शरीरातील सहजीवी जंतू त्याच्या कठीण कवचास आवश्यक ॲमिनो अम्ले पुरवितात.

इतिहास : हा वंश शेतीपेक्षा जुना आहे. जपानमधील तानेगाशिमा बेटावर सु. १०,५०० वर्षांपूर्वीच्या जोमोन मृत्पात्रांवर झीमेजचे ठसे मिळाले. तेव्हा तेथे भातशेती नव्हती. ओक व चेस्टनट यांची साठविलेली फळे हे त्याचे खाद्य असावे. ग्रॅनॅरियसचे मागील पंख खुरटलेले असल्याने तिला उडता येत नाही. तिचा प्रसार माणसाने नेलेल्या धान्याबरोबरच झाला. ईजिप्तमध्ये सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली तिचे अवशेष सापडले आहेत. ब्रिटनमध्ये ती इ. स. ४३ मधील रोमन स्वारीनंतर आली. यॉर्क येथे पहिल्या शतकातील एका कोठारात कीड इतकी माजली होती, की कोठार पाडून ती जागा चिकणमातीने झाकावी लागली. रोमन सत्ता गेल्यावर मोठे धान्यसाठे संपले व हा किडाही तेथून दिसेनासा झाला. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तो पुन्हा आढळतो. लिनीअस यांनी १७५८ मध्ये ग्रॅनॅरियसचे व १७६३ मध्ये ओरायझीचे शास्त्रीय वर्णन केले.

नियंत्रण : धान्य कडक उन्हात वाळवून साठविल्यास किड्याची वाढ खुंटते. महाराष्ट्रातील पेवात धान्याच्या श्वसनाने ऑक्सिजन घटतो व कीटक मरतात. मोठ्या गोदामांत फॉस्फीन वायूची धुरी देतात. तथापि तिचा सदोष वापर झालेल्या ठिकाणी किड्यांत प्रतिकारक्षमता निर्माण झाली आहे.