शिकारीची परवानगी वारसानें चालते काय?

आमचे एक जुने विद्यार्थी वैद्यकीच्या व्यवसायानिमित्त इंग्लंडच्या ग्रामभागांत बरींच वर्षें राहत आहेत. शाळेंत असतांना ते आमच्याबरोबर जुनीं पत्रें वाचावयास बसत. त्या ओळखीनें त्यांनीं गेल्या वर्षीं आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला. त्यांच्या शेजारीं एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. या गृहस्थांस जवळच्या तीन शेतांवर पिकें खाणारे रानपारवे व ससे बंदुकीनें मारण्याची परवानगी सुमारें चाळीस वर्षें आहे. मूळ शेतमालकानें ती तोंडी दिली होती. कागद कसला तो नाहीं. आतां गुडघे चालत नाहींत, म्हणून ती परवानगी आपल्या नातवाच्या नांवें करून द्यावी, अशी त्यांची इच्छा आहे. 'आपण आम्हांस इनामपत्रें वाचावयास शिकविलें. हें इनाम कोणत्या जातीचें तें सांगावें,' असा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न.

प्रश्न दिसण्यांत लहान आहे. तीन शेतें, एक बंदूक, एक आजा व एक नातू. यांत इतिहास तो काय, असें कोणी म्हणेल. परंतु उत्तर शोधतां शोधतां जी गोष्ट आमच्या ध्यानांत आली, ती दफ्तरें धुंडाळणाऱ्या आपणां सर्वांच्या कामाची वाटली; म्हणून हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहों.

१. दाय आणि अनुज्ञा

प्रथम शब्दांचा निर्णय करूं. धन्याशीं असलेल्या संबंधामुळेंच जें धन दुसऱ्याचें होतें तो दाय, असें आपले निबंधकार सांगतात. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. तिच्या मतें पुत्राचें स्वत्व जन्मानेंच उत्पन्न होतें. जीमूतवाहनाच्या दायभागाप्रमाणें तें पित्याच्या उपरमानंतर उत्पन्न होतें. हा वाद शतकानुशतकें चालला. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्यच आहे, कीं ज्यावर पित्याचें स्वत्व नव्हतें तें पुत्राकडे दायरूपानें येऊं शकत नाहीं. तेव्हां पाहावयाचें तें इतकेंच, कीं या वृद्ध गृहस्थांपाशीं स्वत्व होतें कीं नुसती अनुज्ञा होती.

मृग कोणाचा, याविषयीं मनूचें मत वाचकांस ठाऊकच आहे. ज्यानें बुंधे काढून जमीन साफ केली त्याचें शेत, आणि ज्याचें शल्य मृगाच्या अंगांत प्रथम रुतलें त्याचा मृग, असा दृष्टांत त्यानें नवव्या अध्यायांत दिला आहे. इंग्रजी कायद्याची वाट निराळी आहे. तेथें रानचें जनावर जिवंत असेपर्यंत कोणाचेंच नसतें. परंतु मेलें कीं तें मारणाऱ्याचें न होतां, ज्याच्या जमिनींत उठलें व पडलें त्या धन्याचें, किंवा तेथील शिकारीचा हक्क ज्याच्याकडे असेल त्याचें होतें. परक्या जमिनींत शिरून मारलेल्या सशांविषयीं लॉर्डांच्या सभेनें १८६५ सालीं असाच निर्णय दिला. मनूनें जें बळ बाणास दिलें तें इंग्लंडांत बंदुकीस नाहीं; तेथें सर्व बळ जमीनधन्याच्या शब्दास आहे.

हा शब्द देतो तरी काय? १६७३ च्या एका प्रसिद्ध खटल्यांत मुख्य न्यायाधीश वॉन यांनीं याचा उलगडा केला. खटला होता दारूविक्रीच्या परवान्याचा. पण परवाना म्हणजे काय हें समजावितांना त्यांनीं उदाहरण घेतलें शिकारीचें. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, कीं परवानगीनें कोणतीच मालमत्ता हस्तांतरित होत नाहीं. जें कृत्य एरवीं बेकायदेशीर ठरलें असतें तें तिच्यामुळें कायदेशीर होतें, एवढेंच. मात्र धन्यानें मारलेलें हरिण स्वतःकरितां घेऊन जाण्यासही सांगितलें असेल, तर तेवढ्या भागापुरतें तें दान होय.

पुढें या दानाच्या भागाचाच विस्तार झाला. शिकार करून मिळालेलें नेण्याचा हक्क रीतसर दस्तऐवजानें, वारसांसह, कोणास दिला किंवा राखून ठेविला, तर तो खरोखरीचा भूमिसंबंधी हक्क होतो, आणि धनी स्वतः हजर नसतां त्याचे नोकरही तो चालवूं शकतात, असें १८४० च्या एका खटल्यांत ठरलें. म्हणजे शिकारीच्या परवानगीच्या दोन जाती झाल्या: एक दस्ताची, दुसरी शब्दाची. पहिली वारसानें चालते, विकतांही येते. दुसरी दात्याच्या मर्जीवर उभी असते. ती दुसऱ्यास देतां येत नाहीं. दाता मेला, घेणारा मेला, किंवा जमीन विकली गेली, कीं ती संपली.

आपल्या दफ्तरांच्या वाचकांस हा भेद नवा नाहीं. वंशपरंपरेच्या इनामपत्रांत 'पुत्रपौत्रादि' हे शब्द असतात. प्रतिवर्षीं नव्या पत्राचा आक्षेप घेऊं नये आणि नक्कल ठेवून मूळ पत्र भोगवट्यास परत द्यावें, अशी अंमलदारांस ताकीद असते. ज्या पत्रांत हे शब्द नाहींत तें कितीही गोड भाषेंत असो, आपण त्यास वंशपरंपरेचें म्हणत नाहीं. चाळीस वर्षांची वहिवाट दाखविली तरी वृद्ध गृहस्थांचें इनाम या दुसऱ्या जातीचें ठरतें. कारण जी गोष्ट धन्याच्या संमतीनें चालली, तिच्या वहिवाटीनें धन्याविरुद्ध हक्क उत्पन्न होत नाहीं.

२. जेव्हां शिकार जन्मानें मिळत असे

येथें कोणी विचारील, इंग्लंडांत शिकार पिढीजात कधींच नव्हती काय? होती, आणि तिचा इतिहास बोधप्रद आहे. १३९० च्या कायद्यानें सालीना चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या गृहस्थास शिकारी कुत्रा बाळगण्याची मनाई झाली. १६७१ सालीं दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत ही मर्यादा शंभर पौंडांवर गेली. नव्याण्णव वर्षें वा अधिक मुदतीचा पट्टा असल्यास दीडशें पौंड. त्या काळीं परगण्याचा प्रतिनिधि निवडण्याच्या मतास चाळीस शिलिंगांची जमीन पुरत असे. अर्थात् एक तित्तिर मारण्यास मताच्या पन्नासपट जमीन लागे, आणि या विसंगतीवर खुद्द ब्लॅकस्टन या मोठ्या कायदेपंडितानेंही बोट ठेविलें आहे.

याच १६७१ च्या कायद्यांत आणखी एक कलम होतें. एस्क्वायर अथवा त्याहून उच्च पदवीच्या गृहस्थाचा ज्येष्ठ पुत्र व वारस यास, जमीन नसली तरी, शिकारीस योग्य मानावें असें त्यांत म्हटलें होतें. परंतु शब्द पुत्राचा होता, पित्याचा नव्हता. म्हणून अठराव्या शतकांत न्यायाधीशांनीं असा अर्थ लाविला, कीं जमीन नसलेल्या एस्क्वायरास स्वतः शिकार करतां येत नाहीं, त्याच्या ज्येष्ठ पुत्रास मात्र येते! पित्यापाशीं नसलेलें पुत्रास जन्मानें मिळावें, इतकी मजल आमच्या जन्मस्वत्ववाद्यांनींही कधीं मारली नव्हती.

ही जन्मसिद्ध शिकार १८३१ च्या कायद्यानें मोडली. त्यापुढें सरकारी परवाना घेणाऱ्या कोणासही शिकार मोकळी झाली. अट एकच, जमीनधन्याच्या संमतीची. परंतु जमीनदार पट्टा देतांना शिकार स्वतःकडे राखून ठेवीत, आणि कुळाचें पीक कुळाच्या डोळ्यांदेखत ससे खात. यावर १८८० चा कायदा आला. जमीन कसणाऱ्यास ससे मारण्याचा हक्क मिळाला, आणि तो कोणत्याही कराराने सोडून देतां येणार नाहीं असें ठरलें. त्यास लेखी अधिकार देऊन घरांत राहणाऱ्या माणसांस या कामीं लावतां येई; बंदूक मात्र त्यानें स्वतः व त्यानें लेखी नेमलेल्या आणखी एकानेंच चालवावी. म्हणजे शेतकऱ्याच्या घरींही परवानगी आपोआप पुत्राकडे गेली नाहीं. बापानें कागदावर नांव लिहिलें तेव्हांच गेली. पुढें २००७ सालीं इंग्लंड व वेल्स येथील तो सरकारी शिकार-परवानाही रद्द झाला. राजाचा कागद गेला. जमीनधन्याचा शब्द तेवढा राहिला.

३. शस्त्र वारसानें, शिकार नाहीं

याच्या उलट उदाहरण आपल्या देशांत आहे. १८३४ सालीं इंग्रजांनीं कोडगु खालसा केलें. तथापि पुढें शस्त्रबंदीचा अंमल आला तेव्हां कोडव लोकांस व तेथील जम्मा जमिनीच्या धारकांस त्यांतून सूट मिळाली, आणि ती सूट स्वतंत्र भारताच्या सरकारनेंही चालू ठेविली. २०१९ सालीं ती आणखी दहा वर्षांसाठीं वाढविण्यांत आली. जम्मा हा शब्द आपल्या जन्म शब्दाचेंच रूप आहे. तेथें बंदूक बाळगण्याचा अधिकार खरोखरीच कुळाबरोबर व भूमीबरोबर चालतो, आणि कैलपोळ्द या सणास घरोघर शस्त्रांची पूजा होते. परंतु १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळें मौजेची शिकार देशभर बंद झाली. तेथें शस्त्र वारसानें आलें, शिकार उरली नाहीं.

इंग्लंडांत शिकार उरली आहे, पण वारसानें कांहींच येत नाहीं. बंदुकीचें प्रमाणपत्र व्यक्तीचें असतें, त्याची मुदत पांच वर्षांची, आणि तें प्रत्येकानें पोलिसांकडून आपलें आपण मिळवावयाचें. रायफलीसाठीं योग्य कारण दाखवावें लागतें, आणि अमुक शेतावर मारण्याची मालकाची परवानगी आहे, हें त्यांतील नेहमींचें कारण. अर्थात् शब्द गेला कीं कारण गेलें. हवेच्या बंदुकीस इंग्लंडांत सामान्यतः प्रमाणपत्र लागत नाहीं, परंतु चौदा वर्षांखालील मुलास ती एकवीस वर्षांच्या वडीलधाऱ्या मनुष्याच्या देखरेखीखालींच चालवितां येते.

आमच्या मतें या शेवटच्या नियमांतच वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर आहे. नातवास परवानगी देतां येत नाहीं, पण नातवास बरोबर नेतां येतें. मात्र त्यासही मालकास आधीं विचारलें पाहिजे. मुलगा आजाच्या मागून बांधावरून चालतो. फाटक जसें होतें तसें लावून घेतो. मेंढ्या व्यालेल्या असतील त्या शेतांत पाऊल टाकीत नाहीं. झाडलेलीं काडतुसें वेंचून खिशांत घालतो. निघतांना मालकाच्या दारीं पारव्यांची एक जोडी ठेवतो. हें सर्व मालक पाहत असतो, आणि मालकाचीं मुलेंही पाहत असतात. पुढें आजा थांबला म्हणजे परवानगी संपते. परंतु नवी मागण्यास जो दारीं येतो तो परका नसतो. वारसानें जातो तो हक्क नव्हे. वारसानें जाते ती पत.

आम्हीं विद्यार्थ्यास असेंच लिहिलें, आणि शेतमालक हयात आहेत तोंवर नव्या पिढीच्या नांवें नवें पत्र मागून घ्यावें, त्यांत शेतांची नांवें व मारावयाचीं जनावरें स्पष्ट लिहावीं, असें सुचविलें. त्यांचें उत्तर आलें. एका शेताचा मालक वारला होता व वारसांनीं तें विकलें. तेथील परवानगी गेली. दुसऱ्या शेताच्या मालकांनीं विचार करून सांगतों म्हटलें. तिसऱ्या शेताचा कारभार आतां मालकाची कन्या पाहते. तिनें लहानपणापासून या आजास ओळखलें होतें, आणि नातवास दोन वर्षें त्याच्याबरोबर पाहिलें होतें. तिनें स्वहस्तानें चार ओळी लिहून दिल्या. तीनांपैकीं एक शेत राहिलें.

४. उपसंहार

हें लिहितांना आम्हांस एका कपाटाची आठवण झाली, ती सांगून हें टिपण संपवितों. एका जुन्या घराण्याचें दफ्तर पाहण्याची मुभा आम्हांस त्या घरच्या वडील पुरुषांनीं तोंडी दिली होती. बावीस वर्षें आम्ही दर उन्हाळ्याच्या सुटींत तेथें जात असूं. ओसरीवर रुमाल सुटत, आम्ही नकला घेत असूं, आणि संध्याकाळीं रुमाल पुन्हां बांधून कपाटांत ठेवीत असूं. त्या बावीस वर्षांत आम्हीं एकाही विद्यार्थ्यास बरोबर नेलें नाहीं. मुलें कागद फाडतील ही भीति एक. आणि खरें सांगावयाचें तर, आपला ठेवा दुसऱ्यास कां दाखवावा, ही कृपणबुद्धि दुसरी. त्या घरच्या मुलांशींही आम्हीं कधीं दोन शब्द बोललों नाहीं. ते अंगणांत खेळत आणि आम्ही मोडी वाचीत असूं.

वडील पुरुष वारले. पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही गेलों तेव्हां मुलांनीं चहा दिला, पण कपाट उघडलें नाहीं. त्यांचा दोष नाहीं. त्यांच्या लेखीं आम्ही कोण होतों? दोन वर्षांनीं घर पाडलें गेलें आणि रुमाल रद्दींत गेले, असें कळलें. आमच्या नकला आहेत, पण त्या मूळ दफ्तराच्या दहाव्या हिश्श्याच्याही नाहींत.

या त्रैमासिकाचे पुष्कळ वाचक आमच्यासारखेच कोणाच्या तरी शब्दावर कोणाच्या तरी ओसरीवर बसून कागद पाहत असतील. तो शब्द सनद नव्हे. ज्यांनीं दिला ते हयात आहेत तोंवर त्यांच्या मुलांची ओळख करून घ्यावी, आपल्याबरोबर एखाद्या तरुणास न्यावें, आणि त्यास प्रथम मोडी नव्हे, तर सुटलेला रुमाल जसा होता तसा बांधावयास शिकवावें.