शून्याच्या खालचा पारा

बीपीचं यंत्र दुरुस्तीला आलं की पट्टा, पंप, रबरी नळ्या हे सगळं मी नंतर बघायचो. आधी पेटी सपाट टेबलावर उघडायची, पाऱ्याच्या टाकीचा खटका सोडायचा आणि नळीत पारा कुठे थांबतो ते बघायचं. बरोबर शून्यावर थांबला तर पुढचं बोलणं. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकल सामानाच्या दुकानांची ही कामं मी गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत चौतीस वर्षं केली. काळवंडलेला पारा कागदाच्या शंकूला टाचणीने भोक पाडून त्यातून गाळायचा. मळी कागदाला चिकटते, खाली चकचकीत थेंब पडतात. नळीच्या वरच्या टोकाला चामड्याची बारीक चकती असते. तिच्यातून हवा आत-बाहेर होते, पारा मात्र अडतो. ती धुळीने बुजली की पारा दमेकऱ्यासारखा रखडत उतरतो आणि डॉक्टर म्हणतात, यंत्र बिघडलं.

एका गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळाने बीपी तपासणीचं शिबिर घेतलं. दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता यंत्र घेऊन माझ्याकडे आला. तक्रार एवढीच की पट्टा नीट फुगत नाही. पेटी उघडली तर कोपऱ्यात पाऱ्याच्या गोळ्या घरंगळत होत्या आणि नळीतला पारा शून्याच्या चार रेघा खाली. एक रेघ म्हणजे दोन. म्हणजे यंत्र आठने कमी दाखवत होतं. खरं १४६ असलेल्या माणसाला १३८ सांगून, ‘नॉर्मल आहे, काळजी करू नका’ म्हणून बिस्किटाचा पुडा देऊन घरी पाठवलेलं.

मी रजिस्टर मागवलं. दोनशेच्या वर नावं. नाव, वय, बीपी. पत्ता नाही, चाळ नाही, खोली नंबर नाही. आणि जवळजवळ प्रत्येक आकडा शून्यावर संपणारा. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात, त्यामुळे खरा आकडा १३२, १३४, १३८ असा समच यायचा. शून्य अधूनमधून येईल. सगळीकडे शून्य म्हणजे घाईत गोळाबेरीज झाली. कुणी १३५ लिहिला असेल तर तो पाऱ्यावर वाचलेलाच नाही, मनाने लिहिलाय. कार्यकर्ता म्हणाला, ‘काका, आता या लोकांना कुठे शोधायचं? पुढच्या वर्षी बघू.’

तेव्हापासून मला या बीपी शिबिरांच्या इतिहासाचं वेड लागलं. वाचत गेलो तसं एक लक्षात आलं: धडधाकट माणसांचं बीपी सर्रास मोजायला सुरुवात केली ती डॉक्टरांनी नाही, विमा कंपन्यांनी.

यंत्र त्याआधीचं. इटलीत तुरिनच्या स्किपिओने रिव्हा-रोच्ची या डॉक्टरने १८९६ साली दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजला. त्या पट्ट्यात सायकलची ट्यूब होती. पट्टा अरुंद होता, त्यामुळे आकडे जास्त यायचे. ती चूक पुढे १९०१ मध्ये रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरने रुंद पट्टा करून सुधारली. (जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आजही तेच होतं. शिबिरात एकच पट्टा सगळ्यांना.) त्याच वर्षी हार्वी कुशिंग हा अमेरिकन सर्जन पाव्हियाहून ते यंत्र बाल्टिमोरला घेऊन गेला. तरी रिव्हा-रोच्चीच्या रीतीने मनगटाची नाडी चाचपून फक्त वरचा आकडा मिळायचा. खालचा आकडा दिला सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्हने. १९०५ साली त्याने स्टेथोस्कोप कोपराच्या खोबणीत ठेवून ठक-ठक आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे बंद होतो ते सांगितलं. त्याचं टिपण पुरतं पानभरही नव्हतं. पंप सोडताना डॉक्टर मान वाकडी करून जे ऐकतात, ते त्याचेच आवाज.

आता विम्याचं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या कंपनीने १९०७ च्या सुमारास विमा मागणाऱ्यांचं बीपी नोंदवायला सुरुवात केली. आपल्याकडे पॉलिसी काढताना ‘विम्याचा डॉक्टर’ दंडाला पट्टा बांधतो, त्याची ही मूळ वंशावळ. कंपनीला दया-माया नव्हती, हिशेब हवा होता. पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी आमच्या मंडळाकडे नव्हती: प्रत्येकाचा पत्ता. शिवाय माणूस गेला की क्लेम येणारच, त्यामुळे कोण किती वर्षांनी गेला हे कळायचं. जास्त आकड्याची माणसं लवकर जातात, हे असं क्लेमच्या कागदांवरून उघडं पडलं.

डॉक्टर मंडळींना ते पटायला बराच वेळ गेला. वय वाढलं की दाब वाढायचाच, शरीराला त्याची गरज असते, असं चांगले डॉक्टर म्हणत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० होता. वर्षभर आधी तो १८६/१०८ भरला होता आणि देण्याजोगं औषध जवळपास नव्हतंच. तीन वर्षांनी, १९४८ ला, फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ माणसांना धरून बसायचं काम सुरू झालं. पुन्हा पत्ता आणि पाठपुरावा.

औषधाच्या गोष्टीत मुंबई येते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीवर निबंध लिहिला, ५० रुग्णांवरचा. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं आणि वकीलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तीन औषधं एकत्र देऊन बघितली, त्यातलं एक रेसरपीन. १९६७ चा निकाल मी दोनदा वाचला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ज्यांना नुसती खोटी गोळी मिळाली त्यांच्यात २७ जणांवर मोठं संकट आलं. खरी गोळी घेणाऱ्यांत दोघांवर. एवढा फरक दिसला म्हटल्यावर बीपी शोधत फिरण्याला अर्थ आला. त्याआधी शिबिर घेऊन माणसाला सांगणार काय होतात?

मग अमेरिकेत १९७२ पासून मोठी मोहीम सुरू झाली. तेव्हाचे लोक एक ‘अर्ध्याचा नियम’ सांगत: बीपी असलेल्यांपैकी निम्म्यांना ते माहीत असतं, त्यातले निम्मे औषध घेतात, आणि त्यातल्या निम्म्यांचं ताब्यात असतं. म्हणजे आठातला एक. मला सगळ्यात आवडलेला प्रयोग त्याच दशकातला. १४ ठिकाणी १,५८,९०६ लोक घरोघर जाऊन तपासले आणि जास्त दाबाचे १०,९४० निवडले. निम्म्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उरलेल्यांना खास दवाखान्यात बोलावलं, गोळ्या फुकट, भेटीची तारीख चुकली तर शोध. १९७९ ला हिशेब लागला: पाच वर्षांत दुसऱ्या गटातले मृत्यू १७ टक्क्यांनी कमी. बीपी दोन्ही गटांचं सारख्याच पद्धतीने मोजलं होतं. फरक पडला तो मोजल्यानंतरच्या कामात.

आमच्या गावी, कुडाळ तालुक्यात, हा फरक मी स्वतः बघितला. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. औषधांचा क्रम आधीच ठरलेला, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. माझी वहिनी वर्षानुवर्षं ‘डोक्याक जरा गरगरता’ म्हणत पाट्यावर वाटप वाटत बसायची. उपकेंद्रात १७० भरलं. गोळी सुरू झाली. चौथ्या महिन्यात ती गेली नाही. भात कापणी चालली होती. गुरुवारी आशाताई खळ्यात हजर. ‘वयनी, मंगळवारी इलास नाय. बरा आसा मां?’ वहिनी खजील झाली आणि शुक्रवारी गेली. मी ओसरीवरून हे बघत होतो आणि मला त्या मंडळाचं रजिस्टर आठवत होतं.

उपकेंद्रात आता पाऱ्याचं यंत्र नाही, बटण दाबायचं आहे. पारा विषारी, तो जायलाच हवा होता; मिनामाता करारात २०१३ सालीच बीपीच्या यंत्रांचं नाव होतं. माझा धंदा त्यात गेला, त्याबद्दल तक्रार नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं तो पारा उघड्या हातांनी गाळला, तेव्हा कुणी हटकलं नाही, एवढं मात्र म्हणेन. बटणाचं यंत्र रेघांचं बंधन पाळत नाही, १३५ खुशाल दाखवतं, आणि आकड्याला शून्य चिकटवायची हौसही त्याला नाही. पण त्याचं शून्य कुणाला दिसत नाही. तेही अधूनमधून चांगल्या यंत्राशी ताडून बघावं लागतं, आणि ते कोण करतं, हे मी विचारलं की समोरचा माणूस विषय बदलतो.

येत्या गणपतीत मंडपाशेजारी टेबल मांडलेलं दिसेल. जरूर बसा, पण जिना चढून आल्या आल्या नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, तोंड बंद. आकडा तारखेसकट कागदावर लिहून मागा. जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या. आणि टेबलामागे बसलेल्या पोराला सांगा, रजिस्टरमध्ये खोली नंबर आणि फोन लिही.